कागदाला पाय

झालं एवढंच, की चारुदत्ताचा पाय कागदाला लागला.

परीक्षक बाईंच्या मांडीवरच्या पॅडमधून गुणांचा एक कागद निसटला, हीटरच्या झोतावर एक गिरकी घेऊन टेबलाच्या उशाकडे येऊन पडला, आणि नेमका त्याच घटकेला, बसल्या स्टुलावर नीट तोल धरावा म्हणून चारुदत्ताने उजवा पाय पुढे सरकवला. बुटाची कड कागदावर पडली. एरवी असलं काही कुणाच्या गावीही नसतं. पण त्या वेळी त्याच्या दोन्ही तळव्यांत एका मुलीचं डोकं होतं. कॉलेजातली विशी-बाविशीची पोरगी, परीक्षेसाठी मॉडेल म्हणून उताणी झोपलेली, डोकं टेबलाच्या कडेबाहेर काढलेलं; तिची मान डावीकडे पुरती वळवून, जराशी मागे झुकवून तो दहा सेकंदांसाठी धरून बसला होता. मेंदूकडे जाणाऱ्या शिरांवर हलका ताण देऊन बघायची ही चाचणी. ती बिनघोर पार पडली तरच पुढे मानेच्या मणक्याला हात घालायचा. "माझ्या कपाळाकडे बघत राहा, बोलत राहा, गरगरलं तर लगेच सांग," असं तिला बजावून तो मनात आकडे मोजत होता. सहा झाले होते, सात व्हायचा होता. आणि त्याचा उजवा हात तिच्या मानेखालून निघाला, खाली गेला, कागदाला टेकला, वर येऊन त्याच्या कपाळाला टेकला, आणि पुन्हा मानेखाली येऊन बसला. जाताना त्याला विचारून गेला नाही, येताना विचारून आला नाही. तेवढ्यात ते डोकं एकट्या डाव्या हातात, वळलेलं तसंच, दोन बोटं खाली घसरलं. मुलीचे डोळे गपकन वर गेले, दावं हिसकल्यावर वासराचे जातात तसे. आणि ती म्हणाली, "सॉरी."

ह्या देशात धक्का खाणारा आधी माफी मागतो, हे अकरा वर्षांत त्याच्या अंगवळणी पडलेलं होतं. तरी त्या एका शब्दाने तो आतून हलला. परीक्षक दोघं होते. चष्म्याला साखळी लावलेल्या उंच बाई, आणि एक दाढीवाले गृहस्थ. बाई उठल्या, त्यांनी स्वतःच्या हातांनी मुलीचं डोकं सरळ केलं, उशीवर ठेवलं, गरगरतंय का, दोन दोन दिसतंय का, जीभ जड वाटतेय का, सगळं विचारलं. मुलगी म्हणाली, मी अगदी ठीक आहे. मग बाई चारुदत्ताकडे वळल्या. "इथे थांबू या आपण," त्या म्हणाल्या. आवाज अगदी मऊ. इथे वाईट बातमीचा आवाज नेहमी मऊच असतो. "हात का काढलात तुम्ही?" चारुदत्ताला इंग्रजी येत नव्हतं असं नाही, त्याच इंग्रजीत तो सकाळपासून पाठीच्या आणि खांद्याच्या चार फेऱ्या नीट पार करून आला होता. पण आता जे सांगायचं होतं त्याला त्या भाषेत बसायला पाटच नव्हता. "आदर म्हणून," तो म्हणाला. "कुणाचा?" "कागदाचा." बाईंनी खाली पाहिलं. कागदावर बुटाच्या टाचेची राखी कोर उमटली होती. दाढीवाल्या गृहस्थांनी वाकून तो कागद उचलला, झटकला, आणि त्याच कागदावर काहीतरी लिहिलं. लिहायला फार वेळ लागला नाही.

माँट्रियलहून ओटावाला परतताना गौरांगीची गाडी होती. दोघं एकाच फिजिओथेरपी क्लिनिकमधले. ती ठाण्याची, वय अठ्ठावीस, चारुदत्ताहून तेवीस वर्षांनी धाकटी. तिची ह्या अ‍ॅडव्हान्स्ड डिप्लोमाची पहिली वेळ, त्याची तिसरी. तीन वेळा बसता येतं. तिसऱ्यांदा गेलं की मग पहिल्या पायरीपासून सगळे कोर्स पुन्हा, म्हणजे धरून चाला सहा वर्षं. हे गौरांगीला माहीत होतं, म्हणून पहिला अर्धा तास ती हवेवरच बोलत होती. नोव्हेंबरची दुपार चारलाच मावळत आली होती, काचेवर भुरभुर सुरू झाली होती. "काका, विंटर टायर्स पुढच्या शनिवारी लावायचेत. तोवर तुम्ही नाम घेत बसा. तुमची वरपर्यंत ओळख आहे." चारुदत्त हसला. हसल्यावर त्याला वाटलं, आता सांगूनच टाकावं. आणि त्याने सांगितलं, कागद, पाय, हात, डोकं, सॉरी, सगळं. गौरांगीला हसू आवरेना. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अरे देवा. काका! माझी आजी अशीच. एकदा तिचा पाय माझ्या लॅपटॉपला लागला, तर तिनं लॅपटॉपला हात लावून नमस्कार केला, आणि त्या नादात दुसऱ्या हातातला चहा लॅपटॉपवर ओतला!" चारुदत्तालाही ते चित्र दिसलं, आणि क्षणभर त्या गाडीत, बाहेर ते बर्फाचं पीठ उडत असताना, घरातली ऊब आली. तेवढ्यापुरता त्याला विश्वास वाटला, की आपल्या हातून घडलं ते काहीतरी गोड, वेंधळं, माफीच्या लायकीचं घडलं.

ज्या घरात तो वाढला तिथे जमीन अशी नव्हतीच. जिकडे पाय टाकावा तिकडे कागद. कुरुंदवाडला वडिलांचं बुकबाइंडिंग. दोन खोल्या, त्यातली पुढची कामाची. शाळांची हजेरीपुस्तकं, सोसायटीची रजिस्टरं, कुणाची फाटलेली पोथी, सगळ्यांचे जुडगे भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत पसरलेले, खळीचा आंबूस वास, पुठ्ठ्यांची चवड, दाभण आणि दोरा. पाण्याचा तांब्या आणायला जाऊन यायचं तर चार वेळा पाय लागायचा, चार वेळा वाकायचं. आई म्हणायची, पोराला वाकून वाकून कुबड येईल. वडील मान वर न करता म्हणायचे, "येऊ दे. लागला तर नमस्कार कर, पण लागलाच नाही असं तोंड करू नकोस." त्या घरात हाताला ते वळण इतकं पडलं की पुढे मिरजेच्या कॉलेजात शिकताना, फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षी, हाडांची नावं पाठ करताना कुणाचं तरी बरगडीचं हाड पायाखाली आलं तर त्याने त्यालाही नमस्कार केला होता. पोरं आठवडाभर हसली. पण एक मास्तर होते, ते म्हणाले, ह्याच्या हातात गुण येईल. आणि आला. हे स्वतःच्या तोंडाने म्हणू नये, पण चारुदत्ताला आयुष्यात एक गोष्ट निखळ माहीत होती, की त्याच्या अंगठ्यांना दिसतं. पाठीवरून अंगठे खाली उतरत गेले की एकेक मणका त्याला कळायचा, हा हलतो, हा हलत नाही, हा घाबरलेला आहे, हा रुसलेला आहे. कॅनडात आल्यावर दोन वर्षं लायसन्सच्या परीक्षांत गेली, त्या काळात तो दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये टॉवेल धुवत होता, बर्फाच्या पिशव्या भरत होता. तरी त्याला कधी आपण संपलो असं वाटलं नाही. अंगठे होते ना.

तीन हिवाळ्यांपूर्वी एका सकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना उजव्या अंगठ्याच्या मुळाशी काहीतरी करकरलं, ओल्या लाकडात खिळा फिरावा तसं. त्याने हातमोजा नीट केला आणि खरवडत राहिला. मग किल्ली फिरवताना. मग लोणच्याच्या बरणीचं झाकण. "ईरा, बघू तुझ्यात किती जोर आहे ते," म्हणून तो बरणी मुलीपुढे करायचा, आणि पंधरा वर्षांची ईरा "बाबा, सीरियसली?" म्हणत ते झाकण उघडून द्यायची. मग डावा. मग दोन्हीकडच्या तर्जनीचं टोक, तिथे बधिरपणा, जणू कुणी तिथे मेण लावून ठेवलंय. ह्या दुखण्याचं नाव काय, एक्स-रेत ते कसं दिसतं, ह्या धंद्यातल्या किती जणांचे अंगठे पन्नाशीत असे जातात, हे त्याला पाठ होतं. म्हणूनच त्याने एक्स-रे काढला नाही. अनुयाला, बायकोला, सांगितलं नाही. क्लिनिकमध्ये अंगठ्याऐवजी कोपर वापरायला लागला. पेशंट म्हणायचे, चारू, तुझं कोपर म्हणजे जादू आहे. त्याला मात्र पाठ आता हातमोजे घालून पोथी वाचल्यासारखी वाटायची. अक्षरं आहेत एवढं कळायचं. म्हणून तर हा डिप्लोमा. मिळाला असता तर शनिवार-रविवारच्या कोर्सांना शिकवायला उभं राहता आलं असतं, आधी मदतनीस म्हणून, मग स्वतः. शिकवणाऱ्याला दिवसाला चौदा पाठी दाबाव्या लागत नाहीत, तो दुसऱ्यांचे हात धरून ठिकाणावर ठेवतो. अंगठे पुरते जायच्या आत पलीकडच्या काठाला लागायचं होतं. तीन हिवाळे तो जीव मुठीत धरून, म्हणजे खरं तर मूठ पुरती मिटत नसताना, त्या काठाकडे पोहत होता. आणि काठाशीच कागद पडला.

"काका, अपील करा," गौरांगी म्हणाली. गाडी आता ओंटारियोत शिरली होती. "नाही, ऐका ना. परीक्षेनंतर दहा दिवसांत अपील करता येतं. ही तुमची धार्मिक सवय आहे, इन्व्हॉलंटरी आहे. त्यांचा कागद, त्यांच्या हातून पडला, तुमच्या पायाशी आला. ह्यात तुमची चूक काय? इथे असल्या गोष्टी फार सीरियसली घेतात. मी ड्राफ्ट करून देते. नुसती अ‍ॅटेम्प्ट कॅन्सल केली आणि पुन्हा बसू दिलं तरी पुरे." चारुदत्त सीटवर सावरून बसला. आशा अशीच असते, मेल्या जागी मुंगीसारखी चावते. "देतील का गं?" "का नाही देणार? फक्त क्लिनिकल बाजू जरा नीट मांडायला लागेल. म्हणजे ते विचारणार, उजवा काढलात, ठीक आहे, पण डावा तर होता ना खाली? एका हातात डोकं पेलायला तर आपल्याला पहिल्याच लेव्हलला शिकवतात. मग घसरलं कसं?" तिने हे कुठल्याही हेतूने विचारलं नव्हतं. ती आरशात बघून लेन बदलत होती. "काका? घसरलं कसं?"

"तिचे केस," तो म्हणाला. "तेलकट होते जरा."

पोरीचे केस कोरडे होते, घट्ट बांधलेले होते. खोटं बोलायला त्याला आयुष्यात कधी इतका कमी वेळ लागला नव्हता.

घरी आल्यावर ईरा जिन्यातूनच म्हणाली, "डिड यू पास, बाबा?" तो म्हणाला, सहा आठवड्यांनी कळतं. हे खोटं नव्हतं, निकालाचं पत्र सहा आठवड्यांनीच येणार होतं. अनुया ओटावाच्या कनाटा भागातल्या एका कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर, माणसांच्या तोंडावरून तारखा ओळखायची तिला सवय. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं, आणि पिठलं वाढलं. रविवारी सकाळी तो नेहमीसारखा बेसमेंटमध्ये जाऊन कीर्तन लावून बसला. गावच्या गोपाळकृष्णाच्या देवळात लहानपणी आष्टेकरबुवा उभे राहायचे, त्यांच्या जुन्या कॅसेटी कुणी भाच्याने फोनवर चढवून पाठवल्या होत्या. टाळांच्या मागे पंख्याची घरघर आणि एका म्हातारीचा खोकला, तोही त्याला आता पाठ झाला होता. बुवांच्या पहिल्याच तानेवर त्याचे डोळे भरून यायचे, आजही आले. लहानपणी त्या मांडवात बसल्यावर त्याला वाटायचं, ह्या सगळ्या माणसांना एकच मोठं अंग आहे आणि तो त्या अंगातला एक बारका मणका आहे, हलणारा. आजही तो डोळे मिटून बसला आणि म्हणाला, पांडुरंगा, तुझ्यापायी गेला ना हात. तुझ्या नमस्कारापायीच गेला. त्याला फार बरं वाटलं. एखादं पोर पडल्यावर आईच्या नावाने रडतं आणि रडता रडता त्याला पडल्याचं सुख व्हायला लागतं, तसं झालं. फोनवर गौरांगीचा ड्राफ्ट येऊन पडला होता. किती सुरेख इंग्रजी. 'श्रद्धेतून घडलेली, इच्छेच्या पलीकडची कृती,' असा काहीतरी त्याचा अर्थ होत होता. खाली तिने लिहिलं होतं, 'काका, फक्त नाव टाका आणि पाठवा. आणि केसांचं लिहू नका, ते वीक वाटतं.'

बुवा मध्यंतरापुढे गेले होते. उत्तररंगात ते एका मापाड्याची गोष्ट सांगत होते. चारुदत्ताने ती शंभरदा ऐकली होती आणि शंभरदा हसला होता. बाजारात धान्य मोजणारा मापाडी, मोठा भाविक. पहिलं माप टाकताना 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, ती रीतच. पण हा लाभ म्हणता म्हणता देवाच्या नावात रंगून जायचा, डोळे मिटायचा, डुलायचा, आणि मोजायचा आकडा विसरायचा. लोक म्हणायचे, केवढं देहभान हरपतं बुवा ह्याचं! एक दिवस एका कुणब्याच्या म्हातारीने त्याचा हात धरला. बुवा म्हातारीच्या आवाजात म्हणाले, "बाबा रे, हरपू दे तुझं भान. पण दर खेपेला हरपतं ते नेमकं तुझ्याच पोत्याच्या बाजूनं कसं रं हरपतं?" देवळातलं चाळीस वर्षांपूर्वीचं हसू फोनमधून फुटलं. चारुदत्त हसला नाही.

कारण त्याला पाचवा सेकंद आठवला. आतापर्यंत तो सातव्यापाशीच घुटमळत होता. सातव्याला कागद होता, बूट होता, नमस्कार होता, सगळं दिसण्यासारखं, सांगण्यासारखं. पाचव्याला काहीच नव्हतं. पाचव्याला फक्त उजव्या अंगठ्याच्या मुळात जाळ झाला होता, आणि सहाव्याला तो जाळ विझून तिथे ती मेणाची थंडी आली होती, आणि डोकं आपल्या हातात आहे की नाही हे त्याला डोळ्यांनी बघून ठरवायला लागलं होतं. मग पाय पुढे का सरकवला त्याने? तोल धरायला. तोल का जात होता? मांडीवर कोपर टेकता येईल का म्हणून तो चाचपत होता. कागद आधी दिसला होता का? दिसला असावा. राखी जमिनीवर पांढरा कागद, डोळ्याच्या कोपऱ्यात, दिसला असणारच. तो पडताना दिसला, आणि मग पाय गेला. की पाय गेला आणि मग दिसला? तो सेकंद त्याने उलटासुलटा करून पाहिला, पेशंटची पाठ पाहावी तसा, वरून खाली, खालून वर, आणि जिथे बोट ठेवावं तिथे ते बधिर. पन्नास वर्षांत ज्या हाताने कागदाला केलेला एकही नमस्कार त्याने मोजला नव्हता, त्या हाताचा हा एक नमस्कार खरा की खोटा, हे सांगणारं त्याच्यात कुणी उरलंच नव्हतं. निदान चुकलो असतो, निदान लबाडी केली असती, तर नाक घासून मोकळा झालो असतो, असं त्याला वाटलं. फोनमध्ये बुवा आता हात जोडून देवाला आळवत होते. त्याने ते बंद केलं. इतक्या वर्षांत कीर्तन अर्ध्यावर त्याने प्रथमच तोडलं.

तीनच्या सुमाराला तो वर आला. अनुया दिवाणखान्यात धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. ईरा मैत्रिणीकडे गेली होती. "जरा आडवी होतेस का?" तो म्हणाला. "मान बघायचीय तुझी."

"माझी?" अनुयाने मोजा हवेत धरला. "अहो भाग्य! अकरा वर्षं सगळ्या ओटावाच्या माना वळवून झाल्या, आज घरच्या मानेचा मुहूर्त लागला म्हणायचा."

"हो ना. ये."

"दुखत नाहीये पण माझी."

"तरी ये."

तिने काहीतरी ओळखलं असावं, कारण पुढे टोमणा मारला नाही. गेस्ट रूमच्या पलंगावर ती उलट बाजूने उताणी झोपली, डोकं पायथ्याच्या कडेबाहेर, आणि तो मागे बुटक्या स्टुलावर बसला. अनवाणी. जमिनीवर गालिचा होता, गालिच्यावर काही नव्हतं, त्याने दोनदा पाहून घेतलं. मग तिच्या डोक्याखाली दोन्ही तळवे सारले. बाईमाणसाचं डोकं केवढं जड असतं, हे नवऱ्याला कुठे ठाऊक असतं. पांढरे झालेले केस तिने मध्यंतरी रंगवणं सोडलं होतं, ते त्याने आत्ता जवळून पाहिलं. "डोळे उघडे ठेव," तो म्हणाला, "बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही."

त्याने मान डावीकडे वळवली, जराशी मागे नेली, आणि धरली. अनुया बोलायला लागली. फर्नेसवाल्याला फोन करायला हवा, तो खालचा आवाज वाढलाय. ईराला मार्चमध्ये शाळेबरोबर व्हँकुव्हरला जायचंय, फॉर्मवर तुझी सही हवी. चैत्रालीकडे हळदीकुंकू आहे, तू येणार नाहीस हे मी आधीच सांगून टाकलंय. बोलता बोलता तिचा आवाज सैल होत गेला, शब्दांत फट पडत गेली. इतक्या वर्षांत कुणी तिचं डोकं असं हातात घेतलं नव्हतं. डोळे मिटले तिचे. तो मोजत नव्हता. मोजायची भीतीच वाटत होती. त्याला वाटत होतं, टिकू दे. आज, इथे, कुणी परीक्षक नाही, कागद नाही. आज हे डोकं टिकलं तर मग काल तो नमस्कारच होता, खरा, वडिलांच्या घरातला, आणि मग तो ड्राफ्ट पाठवता येईल, ताठ मानेने पाठवता येईल, आणि बुवांचं ते राहिलेलं कीर्तनही पुढे लावता येईल. पांडुरंगा, एवढं टिकू दे. तुझ्यासाठी म्हणत नाही, माझ्यासाठी म्हणतोय.

जाळ आधी उजव्यात आला. मग डाव्यात. मग दोन्हीकडे ते मेण. त्याने दातांवर दात धरले. तळव्यांत काहीतरी होतं, एवढं कळत होतं. ते माणूस आहे, बायको आहे, श्वास घेतंय, हे कळायला त्याला खाली बघावं लागत होतं. आणि बघता बघता त्याच्या डोळ्यांसमोर ते डोकं केसभर खाली आलं. मग आणखी केसभर. कुणी कुठे हात नेला नव्हता. त्याने गुडघे वर घेतले, मांड्यांचा आधार देऊन ते तसंच धरून ठेवलं, आणि त्याला कळलं की आता हे वर पलंगावर नेणं आपल्याला जमणार नाही, आणि खाली सोडताही येणार नाही.

"अनु."

"हं."

"जरा डोकं तूच उचल."

"का रे?" ती डोळे मिटूनच हसली. "अडकलं की काय? भरलंय त्यात काहीतरी, म्हणत होते ना मी."

"अडकलं नाही. मला उचलवत नाहीये."

हसू तिच्या तोंडावर तसंच राहिलं, पण डोळे उघडले. खालून, उलटी, ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने स्वतःच मान सरळ केली, एक हात मागे टेकून डोकं त्याच्या मांडीवरून उचललं, उठून बसली आणि वळली. त्याचे अंगठे तळव्यांत वाकून राहिले होते, ते तिने पाहिले. हात लावला नाही.

"कधीपासून?"

"तीन हिवाळे."

खाली घर तापवणारी फर्नेस सुरू झाली. तो आवाज खरंच वाढला होता. अनुया खिडकीकडे बघत होती, आणि चारुदत्ताला तिच्या तोंडावरून कळत होतं की ती तीन वर्षं मागे जाऊन एकेक बरणी, एकेक किल्ली पुन्हा तपासतेय. रागावेल असं त्याला वाटलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"उद्या पहिला पेशंट किती वाजता आहे?" तिने विचारलं.

"आठला."

"कशाचा?"

शाळेची बस चालवणारी बाई होती, दोन नातवंडं, गेल्या खेपेला त्याला मेपल सिरपची बाटली आणून दिली होती, तुझ्या हातांसाठी म्हणाली होती.

"मानेचा."

अनुयाने पलंगावरची उशी उचलली, उगीचच झटकली, जागच्या जागी ठेवली.

"फोन तू करतोस," ती म्हणाली, "की मी करू?"